दोरीवरचा शर्ट

आपली बायको ब्रॉन गेल्याचं रॉसला कळलं तेव्हा तो कुंपणाची तार ताणत होता. जुलैचा महिना, ऑस्ट्रेलियातला ऐन हिवाळा, चिखल घोट्यापर्यंत. हातमोजा दातांनी ओढून काढून त्याने फोन घेतला. ब्रॉन वासरांचं खाद्य आणायला लिओनगॅथाला गेली होती, ती दुकानाच्या रांगेतच कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. वय चौतीस. रॉस "बरं, बरं" म्हणाला, फोन खिशात ठेवला, हातातली तार पुरी ताणून खांबाला ठोकली आणि मग तिथेच चिखलात बसला.

त्यांची मुलगी नेल तेव्हा चार वर्षांची होती. आईला पुरताना ती रडली नाही, नंतरही नाही. तिने फक्त दारामागच्या खुंटीवरून आईचा निळ्या चौकड्यांचा शर्ट ओढून काढला आणि रोज तो नाकाशी धरून झोपू लागली. ब्रॉनची आई ग्लेनिस सामान घेऊन राहायलाच आली. ती म्हणायची, "रडू दे रे एकदा पोरीला. आत साचलं की वाईट."

शर्टाबद्दल तिने एकच नियम घातला. तो धुवायचा नाही. "वास आहे तिचा त्यात. नुसता वारा लागू द्यायचा." ऊन पडलं की ती शर्ट मागच्या दोरीवर टाकायची. दोरीच्या पलीकडे लगेच कुरण सुरू होत होतं.

ऑक्टोबर संपता संपता, ऐन वसंतात, नेलचे डोळे लाल व्हायला लागले. ती सारखे डोळे चोळायची. नाक वाहायचं, ते तळहाताने वर ढकलायची. झोपेत कूस बदलत राहायची, सकाळी चेहरा सुजलेला असायचा.

"आलं एकदाचं बाहेर," ग्लेनिस डोळे पुसत म्हणाली.

रॉसलाही तसंच वाटलं. गवतकापणीचे दिवस होते. पोर एकटी पडू नये म्हणून तो तिला ट्रॅक्टरवर शेजारी बसवून न्यायचा. संध्याकाळी अंगावरच्या भुशासकट तिला उराशी धरायचा.

"रडून घे, बाळा."

"मी रडत नाहीये."

"बरं, बरं. शूर आहेस तू."

नोव्हेंबरात चार वर्षांच्या मुलांची तपासणी होती. तिथली नर्स लोसा सामोआची, आडव्या बांध्याची आणि मोठ्या आवाजाची. तिने नेलकडे पाहिलं आणि वजनकाटा बाजूला ठेवला.

"हे किती दिवस चाललंय?"

"आईसाठी रडते हो," ग्लेनिस म्हणाली. "तीन आठवडे झाले."

"तुम्हाला नाही विचारलं, आजी. काय होतंय गं, राणी?"

"खाजतं," नेल म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना."

लोसाने तिच्या नाकावर बोट ठेवलं. शेंड्याच्या थोडं वर एक बारीक आडवी रेघ होती. "नाक वर ढकलून ढकलून पडते ही. डोळ्यांखाली काळं. नाकातून पाणी, पण ताप नाही. तोंड उघडं टाकून झोपते ना? गवताच्या परागांची ॲलर्जी आहे ही. घरात आणखी कुणाला?"

रॉस वाकून नेलच्या नाकाकडे बघू लागला. ती रेघ त्याच्या ओळखीची होती. ब्रॉनच्या नाकावर होती, लग्नाच्या फोटोतही आहे. तिचा चेहराच तसा, असं त्याने दहा वर्षं मानलं होतं. दर नोव्हेंबरात ती गोळी घ्यायची, एका दमात सात शिंका द्यायची आणि म्हणायची, "बघतोस काय? गवतवाल्याशी लग्न केलंय, भोगतेय!" तिने नेलच्या पहिल्या शिंकेलाच ओळखलं असतं.

डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला. तो कसा मारायचा ते लोसाने दाखवलं. नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, कानाकडे. आणि एकदा मारून सोडायचा नाही, रोज. "बाहेरून आलं की तोंड-हात धुवा, कपडे बदला. वारा असेल तेव्हा खिडक्या बंद. गडगडाटी वादळ आलं तर घरातच ठेवा, त्यात पराग फुटून छातीत जातात. धाप लागली, छातीत शिट्टी वाजली तर माझी वाट बघू नका, थेट रुग्णवाहिका. आणि अंथरूण-पांघरूण बाहेर दोरीवर वाळवू नका. सगळे पराग त्यावर बसतात."

"दोरीवर?" ग्लेनिसने विचारलं.

गाडीत बसल्यावर ती बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिली. "मीच रोज तिच्या नाकाशी गवत नेऊन ठेवत होते, रॉस."

"आणि मी तिला त्यातच घेऊन फिरत होतो," तो म्हणाला. "ती म्हणत होती ना, रडत नाहीये म्हणून."

त्या दिवसापासून रॉस कामाचे कपडे मागच्या पडवीत उतरवू लागला. विसरला तर नेल दोन्ही हात पुढे करून त्याला अडवायची. "बाबा, आधी अंघोळ! घाणेरडा कुठला!" फवारा मारताना ती दहापर्यंत आकडे म्हणायची, सात गाळून. दोन आठवड्यांनी तिच्या डोळ्यांतली लाली गेली. ती शांत झोपायला लागली.

म्हणजे आईसाठी ती अजून रडलीच नव्हती.

शर्ट तेवढा धुवायचा राहिला होता. लोसाने तो गरम पाण्यातून काढायला सांगितलं होतं. ग्लेनिस म्हणाली, "मला नाही बाई जमणार ते." एका रविवारी रॉस नेलच्या पलंगावर बसला. काय बोलायचं ते त्याने गोठ्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"नेल, आईचा शर्ट धुवावा लागेल. मग त्याला वास राहणार नाही. चालेल तुला?"

"धू ना," ती म्हणाली. "त्याला आईचा वास येतच नाही. गवताचा येतो."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले. तू आणि आजी वास घेता ना त्याचा, म्हणून मी नाही सांगितलं."

तिने शर्टाची घडी केली, वेडीवाकडी, आणि त्याच्या मांडीवर ठेवली. मग ती रडली. या वेळी तिने डोळे चोळले नाहीत.

डिसेंबर लागला, उन्हाळा आला. कुरण वाळून पिवळं पडलं आहे. नेल आता तिच्या कापडी सशाला घेऊन झोपते, तो दर शनिवारी धुतला जातो. शर्ट धुलाई यंत्राच्या वरच्या फळीवर आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. रॉसने साबण आणला आहे. शर्ट अजून धुतलेला नाही.