खाडीतला धुरा

बेटावरच्या झाडांना दुपारी पाणी घालायचं, एवढंच काम रविकिरणनं अप्पांना सांगितलं होतं. बेट कॉम्प्युटरमधलं. एका परदेशी खेळात विकत घेतलेलं, तीन वर्षं खपून घडवलेलं. उत्तरेला डोंगर, मधे तळं, पूर्वेला खाडी आणि खाडीपलीकडं शेजारणीचं बेट. शेजारणीचं तोंड कोल्ह्याचं होतं. खरी ती कोण, कुठली, कुणास ठाऊक. अप्पा तिला कोल्हीणच म्हणायचे.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, शंकरप्पा. देवणीजवळच्या रानात त्यांनी हयातभर एक नेम पाळला: दर नांगरटीला शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध, बोटभर कोरायचा. जास्त कोरलं तर भांडण होतं, आणि काहीच न कोरणाऱ्याला शेती येत नाही. बेटाला धुरा नव्हता, खाडी होती. मग ते रोज डोंगराची माती खाडीत लोटू लागले.

रविकिरणला हे लातूरहून उदगीरला येताना बसमध्ये कळलं. खेळवाल्यांचा मेसेज आला: दोन बेटं चिकटली की एकच धरली जातील, मालकी जुन्या मालकाची. जुनी मालकीण कोल्हीण. त्यानं मोबाइलवर नकाशा उघडला. खाडीची सुतळी झाली होती. मोबाइलवर नुसतं बघता यायचं. खणायला घरचा कॉम्प्युटरच लागायचा. त्यानं घरी फोन लावला.

“अप्पा, हात काढा त्याच्यावरून!”

“का रं? एकच टोपलं राहिलंय.”

“टाकू नका! जमीन चिकटली की सगळं तिचं होतंय.”

“असा कुठं कायदा असतो व्हय? कोरलं मी, अन् मिळणार तिला?”

“त्यांचा हाय तसा. डोंगर, तळं, समदं जाईल. तीन वर्षं घातली मी, अप्पा.”

मग अप्पा हळू आवाजात म्हणाले, “रवी, कोल्हीण फावडं घेऊन आली की.”

खरंच पलीकडून माती पडू लागली होती. मेसेज तिलाही गेला असणार.

“खणा! आपल्या बाजूनं खणा!”

“आपल्याच रानात?”

“खणा ओ!”

नळेगाव मागं पडलं. शेजारच्या मावशींनी विचारलं, “विहिरीला पानी लागायलंय का बाळा?”

“लागलंय मावशी. टिकंना झालंय.”

अप्पा खणत होते, कोल्हीण भरत होती. खाडी पश्चिमेला सरकत सरकत निघाली. नारळ गेले. तळं समुद्राला मिळालं. अप्पा उपसलेली माती मागं डोंगरावर फेकत होते, नि दर फावड्याला कोल्हिणीच्या सात पिढ्या उद्धरत होते. पाण्याची रेघ कधी दिसायची, कधी नाही. दिसेनाशी झाली की रविकिरण नकाशा बोटांनी मोठा करून बघायचा.

मग पलीकडची माती पडायची थांबली. भरावाला माती ज्याच्या त्याच्या बेटाचीच लागायची, आणि कोल्हिणीचं बेट आता भाकरीसारखं सपाट झालं होतं. ती काठावर फावडं टेकून उभी राहिली.

रविकिरण घरी पोचला तेव्हा अप्पा कॉम्प्युटरसमोर घामाघूम बसले होते. बेट अंगणाएवढं उरलं होतं, त्यावर आभाळाला टेकलेला डोंगर. पण भोवती चारी बाजूंनी पाणी होतं.

“वाचलं, अप्पा.”

“काय वाचलं? लई कोरलं रांडेनं आपलं.”

“जाऊ द्या. उठा, जेवून घेऊ.”

“तू जेव. मी हाय इथं.” अप्पांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. “झोपंल की ती कवातरी.”

रविकिरणनं माउस उपटला आणि खिशात घालून जेवायला बसला.