भोंगा येईपर्यंत

थोरल्याला त्या मैदानावर जायचंच नव्हतं. आठवडाभर तो लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून दोर आणि पुली तपासायचा. रविवारी त्याला पंखा, पलंग आणि शांतता यांपलीकडे काही नको असायचं. पण आदल्या दिवशी आईने फोन करून गळ घातली.

"माझे गुडघे उभं राहू देत नाहीत. तू तरी बघून ये त्याला. टीव्हीवर दिसला परवा. वाळल्यासारखा वाटला."

"टीव्हीवर माणूस आहे त्यापेक्षा जाड दिसतो, आई."

"मग बघ, म्हणजे खरा किती वाळला असेल."

थोरला कबूल झाला. तिकीट त्याने आपलं आपण काढलं. धाकट्याला कळवायचा विचार मनात आला होता, पण धाकटा फोन उचलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं. तो कुणाचाच उचलत नसे.

धाकटा जन्मला तेव्हा असा रडायचा की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. वडिलांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं. पुढे तो 'काळा फळा' या बँडचा गायक झाला आणि तेच नाव पोस्टरवर चढलं. गळा त्याला जन्मजात होता. घड्याळ तेवढं देवाने द्यायचं राहून गेलं होतं. थोरल्याच्या लग्नाला साक्षीदार म्हणून तो नोंदणी कचेरीत पोचला तेव्हा साहेब कुलूप लावून जिना उतरत होते, आणि सगळी मंडळी नव्या कपड्यांत घरी परतून दुसऱ्या दिवशी पुन्हा नटून आली. थोरल्याची बायको अजून सांगते, "माझ्या लग्नाची तारीख दिराने काढली." वडील तर रोज रात्री जाहीर करायचे की आज त्याला दार उघडायचं नाही, आणि मग त्याची थाप ऐकू यावी म्हणून दाराला पाठ लावून बसून राहायचे.

तर असा हा भोंगा, आणि कार्यक्रम चारचा.

चार वाजले तेव्हा लोक खुशीत होते. ऊन मी म्हणत होतं, गवत तुडवून तुडवून जमिनीला चिकटलं होतं, पण पोरंपोरी गाणी म्हणत होती. स्टेजवर एक माणूस येऊन माइकवर "हॅलो, हॅलो" म्हणाला तर त्यालाही टाळ्या पडल्या. थोरला कठड्यापासून तिसऱ्या-चौथ्या रांगेत अंग चोरून उभा होता. त्याच्या शेजारी चाळिशीची एक बाई होती, पाठीवर पिशवी, पायात पांढरे बूट.

"सुरू कधी होणार, काही कल्पना?" तिने विचारलं.

"होईल," थोरला म्हणाला.

"मी नर्स आहे. सहाला ड्यूटी आहे माझी. साडेपाचला निघावंच लागेल. चारचा कार्यक्रम म्हणजे साडेपाचपर्यंत संपतच आला असेल, असा हिशेब करून आले."

थोरल्याने मान डोलावली. या हिशेबाचं काय होणार हे त्याला त्याच क्षणी दिसलं होतं, पण परक्या बाईला कशाला घाबरवा म्हणून तो मूग गिळून बसला.

साडेचारच्या सुमारास निवेदिका आली. पिवळा कोट घातलेली हसरी मुलगी. "फक्त दहा मिनिटं," ती म्हणाली, आणि लोकांनी आनंदाने आरोळी ठोकली. थोरल्याने मात्र घड्याळ बघितलं. लिफ्टमध्ये माणसं अडकली की तो दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलायचा, तेव्हा एक पथ्य कसोशीने पाळायचा: वेळ सांगायची नाही. "मी आलोय" म्हणायचं, "काम चालू आहे" म्हणायचं. दहा मिनिटं म्हटलं की अकराव्या मिनिटाला आतला माणूस दारावर लाथा घालतो.

तसंच झालं. निवेदिका दुसऱ्यांदा आली तेव्हा लोक हसले. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला बोलूच दिलं नाही. मग ती स्टेजच्या कडेला माइक छातीशी धरून नुसती उभी राहिली. पुढे यावं तर लोक ओरडतात, मागे जावं तर मागचे ढकलतात.

एव्हाना प्रत्येकाकडे आतल्या गोटातली बातमी होती. कुणी म्हणालं विमान चुकलं, कुणी म्हणालं गिटारवाल्याशी मारामारी झाली, कुणी म्हणालं आवाज बसला आणि डॉक्टर इंजेक्शन देताहेत. विरलेला काळा टी-शर्ट घातलेला, टक्कल पडलेला एक गृहस्थ सगळ्यांना समजावत होता. बँडच्या पहिल्या वर्षातला टी-शर्ट होता तो, पोटावर इतका ताणलेला की 'काळा' आणि 'फळा' ही दोन अक्षर-जोडपी वेगवेगळ्या गावांना निघाल्यासारखी दिसत होती.

"कलाकार आहे तो," टी-शर्टवाला म्हणाला. "बँकेतला कारकून नाही."

"कारकून तरी खिडकी उघडतो," मागून एक मुलगी म्हणाली. "आम्ही सकाळी सातपासून उन्हात उभे आहोत, काका."

"मग काय झालं? मी चौदा वर्षं त्याच्या मागे फिरतोय. एकदाही वेळेवर आला नाही. पण आला."

हे आई बोलतेय की काय, असं थोरल्याला वाटलं. आईचंच वाक्य, आईचाच सूर. आणि मागची ती मुलगी म्हणजे त्याची बायको. आयुष्यभर चार भिंतींत जे ऐकलं ते आता मैदानभर ऐकू येत होतं, आणि तिथेही तो मधे उभा राहून कुणालाच काही म्हणू शकत नव्हता.

खिशातला फोन थरथरला. आई.

"अरे, मी मोबाइलवर बघतेय. मला नुसता ड्रमच दिसतोय मघापासून."

"आम्हालाही तोच दिसतोय."

"खाली लोक कायकाय लिहिताहेत रे. एकाने तर फारच घाण लिहिलंय. मी त्याला उत्तर लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"म्हटलं, पोटात दुखत असेल त्याच्या. लहानपणापासून दुखतं."

थोरल्याने कपाळाला हात लावला. त्याने तिला फोन ठेवायला सांगितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच धाकट्याचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. नर्स घड्याळाकडे बघत होती. समोर कुणीतरी भिरकावलेली पाण्याची बाटली ड्रमच्या पायाशी जाऊन पडली आणि सुरक्षारक्षक कठड्याशी सरसावले.

चौथ्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला.

"दादा?"

"कुठे आहेस?"

"इथेच. मागे. गाडीत."

"मैदानाच्या मागे?"

"हो. कधीचा."

"मग?"

"निघतोय."

हा शब्द थोरल्याला पाठ होता. निघतोय म्हणजे बूडसुद्धा हललेलं नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "काय झालंय? बरं नाही का?"

"नाही, तसं काही नाही. जरा उशीर झाला. म्हटलं पाच मिनिटं बसू, मग जाऊ. मग ते ओरडायला लागले." त्याने हळूच विचारलं, "फार चिडलेत का रे?"

"चिडलेत."

"बघ. आता कसा येऊ? थोडे शांत होऊ देत."

"अरे, तू येत नाहीस म्हणून चिडलेत. तू जितका बसशील तितके जास्त चिडतील."

"कळतंय मला."

"मग उतर ना गाडीतून."

"कळतंय रे दादा," धाकटा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

थोरला फोनकडे बघत राहिला. लहानपणी धाकटा रात्री जिन्याखाली उभा राहायचा. वडील चिडलेत म्हणून वर यायचा नाही, आणि तो येत नाही म्हणून वडील चिडायचे. थोरला मधल्या मजल्यावर उभा राहून खाली हाका मारायचा. तेव्हा निदान खाली जाऊन मनगट धरून ओढून आणता यायचं. आता मधे लोखंडी कठडे होते, दंडाला पट्ट्या बांधलेली माणसं होती, आणि सगळं मैदान होतं.

"तुम्ही कुणाशी बोलत होतात?" टी-शर्टवाला त्याच्याकडे निरखून बघत होता. नाक बघितलं, पुढच्या दातांतली फट बघितली. "तुम्ही भोंग्याचे कोण?"

थोरल्याला खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "मोठा भाऊ," तो म्हणाला.

बातमी वणव्यासारखी पसरली. बघता बघता त्याच्याभोवती रिंगण झालं. एकाने विचारलं येणार आहे की नाही ते सरळ सांगा. एकाने विचारलं दारू प्यालाय का. सकाळी सातपासून उभी असलेली मुलगी म्हणाली, "त्याला सांगा, आमची शेवटची बस गेली तर घरी काय सांगायचं आम्ही?" थोरला प्रत्येकाला म्हणत होता, "सांगतो, नक्की सांगतो." जणू त्याचा भाऊ म्हणजे बंद पडलेली लिफ्ट आणि तो कंपनीचा माणूस.

एवढ्यात कॅमेरावाल्याने ती झुंबड हेरली आणि स्टेजशेजारच्या भल्यामोठ्या पडद्यावर थोरल्याचा चेहरा उमटला.

मैदान उसळलं. हजारो लोकांनी एकदम जी आरोळी दिली ती थोरल्याला पायाच्या तळव्यांतून वर चढताना जाणवली. मग लोकांच्या लक्षात आलं की हा चष्मा लावतो, याला दुहेरी हनुवटी आहे, आणि हा भोंगा नाही. आरोळीचं हसू झालं. "भावाला चढवा," कुणीतरी ओरडलं. "भाऊ चालेल," दुसरीकडून आलं, आणि सगळं मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर "भा-ऊ, भा-ऊ" करू लागलं. दुष्टपणा नव्हता त्यात, पण थोरल्याला मान खाली घालावी की हात हलवावा ते कळेना. पडद्यावर त्याचा घाम थेंबाथेंबाने दिसत होता. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, तर त्यावरही टाळ्या पडल्या.

नर्सने त्याच्या दंडाला हात लावला. "मला निघायला हवं," ती म्हणाली. "साडेपाच होऊन गेले."

"येईल तो आता," थोरला म्हणाला. आजवर पाळलेलं पथ्य त्याच्याच तोंडून मोडलं. "दहा मिनिटं थांबा फक्त."

ती हसली. "दिवसपाळीची बाई मी पोचल्यावरच घरी जाईल हो, तिचं तान्हं आहे." मग जराशी घुटमळून म्हणाली, "मला ते 'उजेड लाव' ऐकायचं होतं. रोज बसमध्ये ऐकते. म्हटलं एकदा समोर ऐकावं."

पिशवी डोक्यावर धरून ती गर्दीतून वाट काढत गेली. थोरल्याला तिचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

फोन थरथरला. धाकटाच होता.

"आत्ता एवढे ओरडले ते कशाला?"

"मला बघून."

"तू इथे आहेस?"

"मग मघापासून कुठून बोलतोय असं वाटलं तुला?"

 मग धाकट्याने विचारलं, "हसताहेत का ते?"

"हसताहेत."

"म्हणजे चिडलेले नाहीत."

थोरल्याने आजूबाजूला बघितलं. मागच्या मुलीचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. एक पोरगा कठड्यावर डोकं टेकून बसला होता. "नाहीत," तो म्हणाला. "ये."

आणि भोंगा आला. काही सांगितलं नाही, माफी मागितली नाही. माइकपाशी येऊन डोळे मिटले, आणि पहिलंच गाणं सुरू केलं ते 'उजेड लाव'. थोरल्याने मान वळवून फाटकाकडे बघितलं, पण मधे माणसंच माणसं होती आणि सगळ्यांचे हात वर.

लोक गाण्याच्या पहिल्याच ओळीला विरघळले. मघाशी घाण घाण बोलणारे गळ्यात गळे घालून गात होते. बसची काळजी असलेली मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर चढली होती. टी-शर्टवाला ओक्साबोक्शी रडत होता, आणि मधेच थोरल्याकडे वळून म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" थोरल्याला रडू येत नव्हतं, गाता येत नव्हतं. भाऊ खरंच वाळला होता. गालाची हाडं वर आली होती. आवाज मात्र तोच, खिडक्या लावायला लावणारा.

चारच गाणी झाली. मैदानाची परवानगी सहापर्यंत होती आणि आयोजकांनी भीडभाड न ठेवता सहाला आवाज तोडला. पाचव्या गाण्याच्या मधोमध भोंग्याचं तोंड हलत राहिलं आणि ऐकू काही येईना. त्याला स्वतःलाही ते उशिराच कळलं. लोकांनी गाणं पुढे नेलं, शेवटपर्यंत म्हटलं, आणि तो हात खाली सोडून ऐकत उभा राहिला.

थोरला वळसा घालून मागच्या फाटकाशी गेला. "मी भाऊ आहे त्याचा," असं त्याने रखवालदाराला सांगितलं.

"आत्तापर्यंत सात भाऊ आले," रखवालदार म्हणाला. "बाजूला उभं राहा, साहेब."

तो बाजूला उभा राहिला. तिथे गर्दी जमलेलीच होती. गाडी बाहेर आली तशी ती चहूबाजूंनी तिला भिडली. काच अर्धी खाली होती आणि धाकट्याचा हात बाहेर आला होता. दिसेल तो हात तो दाबत होता. तोंड आतल्या अंधारात होतं. थोरल्याने हाक मारली, पण तिथे सगळेच हाका मारत होते. गाडी पुढून सरकली तसा त्यानेही हात पुढे केला. धाकट्याने तो धरला, दाबला, सोडला, आणि पुढचा धरला.

हात बर्फासारखा गार होता आणि घामाने चिंब. एवढी चार गाणी गाऊन, एवढ्या उन्हात.

गाडी गेल्यावर माणसं पांगली. थोरला बसथांब्याकडे चालू लागला तेव्हा आईचा फोन आला.

"भेटलास का त्याला?"

"भेटलो. हात मिळवला."

"काय म्हणाला?"

"फार गर्दी होती, आई."

"वाळलाय का खरंच?"

 "नाही," तो म्हणाला. "बरा आहे." मग शर्टाला हात पुसून तो रांगेत जाऊन उभा राहिला.