अर्धवट दाबलेला खटका

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला दिव्यांचा खटका आहे. मोटार पाहायला येणारे माझ्याकडे सहसा बघत नाहीत. बाहेर एक काळी गुंडी, मागे बारीक दांडी आणि पोटात पितळी पट्टी, एवढाच माझा संसार. गुंडी ओढली की पट्टी तारेला टेकते आणि पुढचे दोन्ही दिवे लागतात. आत ढकलली की विझतात.

कारखान्यातून निघालेली आमची मोटार एका जमीन मोजणाऱ्या माणसाने घेतली. त्यांना सगळे मोजणीदार म्हणत. दिवसभर दूरच्या शिवारात मोजणी करायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे, असा त्यांचा क्रम होता. फाटकाशी आले की ते मला आत-बाहेर करत. दिवे दोनदा लुकलुकत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजेड पडे, आणि त्यांची बायको ताटे घ्यायला उठे. धुके असो, वादळ असो, मी कधी दगा दिला नाही. "गाडी रुसते, पण हा खटका नाही रुसत," असे ते शेजाऱ्यांना सांगत. तेव्हा माझी पितळी पट्टी अभिमानाने तापत असे.

मग ती संध्याकाळ आली. मोजणीदारांनी मोटार शेडमध्ये लावली आणि मला आत ढकलले. पण हात मध्येच थांबला. दिवे विझले, मी मात्र पुरता आत गेलो नाही. ते बराच वेळ स्टिअरिंगला धरून बसले. मग छातीवर हात ठेवून हळूहळू घरात गेले. ते परत शेडमध्ये आले नाहीत.

मोटारीवर ताडपत्री पडली. धुळीने माझी गुंडी राखाडी झाली. मोजणीदारांचा धाकटा भाऊ मात्र दर आठवड्याला येऊन इंजिन चालू करी. बॅटरी उतरू देऊ नका भाऊजी, असे वहिनीने त्याला बजावले होते. कशासाठी, ते तिलाही सांगता आले नसते.

पुढे एकदा, दिवस मावळताना, कुणीही हात लावला नसताना दिवे लागले. विझले. पुन्हा लागले. ताडपत्रीच्या आत पिवळा उजेड भरला. मोजणीदारांच्या बाई ओल्या हातांनीच धावत आल्या आणि शेडच्या दारात थबकल्या. त्यांनी अगदी हळू विचारले, "आलात?"

मित्रांनो, खरे सांगतो. त्या क्षणी मलाही गुंडीवर तोच हात जाणवला होता.

असे वरचेवर होऊ लागले. बाईंनी ताडपत्री काढून टाकली. शेडची दारे त्या उघडी ठेवू लागल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लावीनात, शेडच्या दारातून भिंतीवर येणारा उजेड नीट दिसावा म्हणून. त्या अंधारात बसून वाट पाहत, आणि इकडे मीही. आज कोण येणार, हे मलाच ठाऊक नसे.

लेक माहेरी आली तेव्हा तिने हे पाहिले. तिलाही भीती वाटली. पण तिला आणखी एक गोष्ट कळली, ती म्हणजे जळक्या रबराचा वास. शेडची भिंत घराला लागून होती. तिने आईला परोपरीने समजावले. आईचे एकच म्हणणे होते, "तेवढं एक राहू दे गं मला."

दोघी त्या दिवशी जेवल्या नाहीत. सकाळी आईच म्हणाली की बोलाव कुणाला बोलवायचं ते, पण मी तिथे उभी राहणार.

गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारे फ्यूजमामा दुपारी यायचे कबूल करून संध्याकाळी उगवले. त्यांनी वाकून दिव्याच्या काचेला नाक लावले आणि नेमके तेव्हाच दिवे लागले. मामा दोन ढांगांत शेडबाहेर. परत आले ते देवाचे नाव पुटपुटत. आधी त्यांनी बॅटरीची तार सोडवली, मग डॅशबोर्डखाली आडवे होऊन मला बाहेर काढले. माझी तार कोळशासारखी झाली होती. स्प्रिंग मेली होती.

मामांनी मला उजेडात धरले आणि दाखवले. पत्र्याचे शेड दिवसभर तापते. संध्याकाळी गार पडते, तशी ही ढिली पट्टी खाली येऊन टेकते. दिवे लागले की तापून उचलते, गार झाली की परत टेकते.

"पण कुणीतरी हा अर्धवटच दाबलाय," मामा म्हणाले. "पूर्ण आत असता, तर पट्टी टेकलीच नसती."

बाईंनी हात पुढे केला. मामांनी मला त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्या म्हणाल्या, "गाडी शेवटची त्यांनीच लावली होती. म्हणजे हात त्यांचाच होता."

बाईंनी गुंडीवर अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि मला सावकाश शेवटपर्यंत आत ढकलले.

मामांनी पट्टी घासून लखलखीत केली, नवी स्प्रिंग आणि नवी तार घातली, आणि मला परत जागेवर बसवून बॅटरी जोडली. पुढच्या संध्याकाळी बाई अंधारात बसल्या. भिंत काळीच राहिली. त्यांनी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि लेकीला म्हणाल्या, "चल, मला थोडं फिरवून आण."

लेकीने मला ओढले. समोरचा रस्ता, कडेची झाडे, दूरचे वळण सगळे उजळले. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"इतकी वर्षं हा उजेड येताना पाहिला," त्या म्हणाल्या. "जाताना कसा दिसतो ते आज कळलं."

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा. पण जपणे म्हणजे कुलूप लावून ठेवणे नव्हे. त्यांची धूळ पुसा, झिजलेले बदला, जळणारे वेळीच विझवा, आणि त्यांना कामाला लावा. मी आता हुकमाशिवाय लागत नाही. फक्त दिवस मावळून पत्रा गार होताना कडकडू लागला, की माझी पट्टी अजूनही क्षणभर कान देते.