माळ्यावरच्या अकरा ओव्या

माझ्या नातीचा, तेजश्रीचा, साखरपुडा झाला त्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या दिवाळीनंतर, उमरठला आमच्या अंगणात निम्मं गाव जमलं. खुंट्याला बकरा बांधलेला, ओट्यावर लॅपटॉप उघडा, आणि मधे सोनबा भगत अंगात देवी आल्यासारखा घुमत होता.

"आईच्या ओव्या यंत्रात कोंडल्या! आईनं उचलल्या. बकरा द्या, अकराच्या अकरा परत येतील. नायतर पोरीचं लगीन मोडंल."

ओव्या माझ्या बायकोच्या, आवडीच्या. तेजश्रीनं त्या वेबसाइटसाठी तिच्याच आवाजात लॅपटॉपवर भरून घेतल्या आणि पंधरवड्यात आवडीला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. तो आवाज आता तेवढाच उरला होता.

तेजश्री रडवेली झाली होती. "आजोबा, मधेच वेबसाइटचं जुनं पान दुरुस्त करायचं होतं. म्हणून अर्धवट काम, त्या पानातले बदल आणि ओव्या, सगळं गिटच्या, म्हणजे फायलींची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्टॅशमध्ये तात्पुरतं बाजूला ठेवलं. आता तिथली यादी बघते तर जुनं पान तेवढं दिसतं. ओव्या नाहीतच. पुढं हात लावायची भीती वाटते."

गावकीच्या भांड्यांची वही माझ्याकडं असते. लग्न झालं की भांडी माळ्यावर जातात. वहीत फक्त गावकीचं नाव कोरलेली भांडी धरतात. शेजारच्या मंजुळाची परात बिननावाची, तीही चुकून वर गेली. वहीत नाय म्हणून मंजुळानं दोन वर्षं चोरीचा बोभाटा केला. परात माळ्यावरच होती.

"गो तेजू," मी म्हटलं, "ओव्यांची आधी नोंद केली होतीस?"

"नाही. नवीनच होत्या."

"मग ही यादी नोंदवलेल्यांचीच असंल. बिननोंदीच्याही दाखव म्हणावं."

तिनं शोधलं, 'इन्क्लूड अनट्रॅक्ड', म्हणजे बिननोंदीच्याही धर, हे दोन शब्द वाढवून पुन्हा विचारलं. अकराच्या अकरा ओळीनं उभ्या.

"आई पावली," भगत म्हणाला.

"बकरा जिता हाय रे सोनबा," मी म्हटलं.

"आईनं नुसता वास घेतला."

तेजश्रीनं सगळ्यांसमोर आधीसारखी यादी मागितली. ओव्या गायब. दोन शब्द घालून मागितली. ओव्या हजर. असं तिनं तीनदा केलं.

"तीनदा वास घेतला काय रे?" मंजुळानं विचारलं. तोवर बकऱ्यानं भगताचा हार निम्मा खाल्ला होता.

ओव्या बाहेर काढून तेजश्रीनं आधी त्यांची नोंद केली. मग पहिली लावली. आवडीचा धड राहिलेला डावा हात ओट्यावरच्या खाटेवर गोल फिरू लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा.

वस्तू दिसली नाही, तर यादीत काय धरलेलंच नाही ते आधी विचारा. भगताला बोलवायची गरज उरत नाही.

तेजश्रीचं लग्न फेब्रुवारीत झालं. आवडी १४ मार्च २०२४ रोजी, गुरुवारी सकाळी गेली.