खाऊन टाकण्याची भाषा

टाचेजवळचा एक टाका सुटला होता. लाल लोकरीचे, हाताने विणलेले, मुठीत मावतील एवढे मोजे — आणि ते पारदर्शक पिशवीत घालून दारावरच्या रखवालदाराने वर नंबर चिकटवला होता. मोज्यांना नंबर! काय लपवणार होती मुलीला भेटायला आलेली ती बाई त्यात... तिने पिशवी आपल्या टेबलावर आपटली. लोकर आपटली तरी आवाज होत नाही, याचाही तिला राग आला.

बालकल्याण कार्यालयात अकरा वर्षं ती हेच करत होती. ताब्यात घेतलेलं मूल आणि त्याचे आईबाप आठवड्यातून एक तास भेटतात, तेव्हा कोपऱ्यात बसायचं, ऐकायचं, लिहायचं. दहाची भेट त्या परदेशातून आलेल्या बाईची, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारीची. सात महिन्यांपूर्वी पाच वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या मुलीला शेजारणीच्या भरवशावर ठेवून ती कामावर गेली. शेजारीण मधेच निघून गेली, मूल एकटं सापडलं. रजा घेतली असती तर नोकरी गेली असती, नोकरी गेली असती तर मूल कसं पोसते म्हणून विचारायला हेच लोक आले असते — हेच म्हणजे आम्हीच...

आणि आज दुभाषा आला नव्हता.

"मग रद्द कर भेट," साहेब दारातूनच म्हणाले. "नाहीतर इथल्या भाषेत बोलू दे तिला. आपल्याला कळत नाही ते तिथे बोलायचं नाही. नियम आहे."

आपल्याला! हा शब्द बुटात खडा जावा तसा तिला टोचत राहिला. कारण तिला कळत होतं. ती भाषा तिच्या आईची होती. कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. आडनाव नवऱ्याचं, उच्चार घासूनपुसून लख्ख केलेले. नऊ वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी तिने आईला सांगितलं होतं, इथे माझ्याशी तसं बोलू नकोस — आणि आई खरंच बोलली नाही, पुढे घरीसुद्धा नाही. आता या बाईच्या फाईलच्या तेराव्या पानावर, फोनवरच्या दुभाष्याने सांगितलेलं, तिने स्वतःच्या हाताने उतरवलेलं वाक्य होतं : 'आईने मुलीला खाऊन टाकण्याची भाषा केली.' अरे, लाड असतो तो! माझी आई रोज म्हणायची मला, गाल ओढून... आणि तरी मी लिहिलं, कारण खोडायचं तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. तीन आठवडे ते वाक्य तिथे बसून होतं. गुरुवारी मूल परत द्यायचं की नाही याची सुनावणी होती.

मुलगी आली ती सध्या तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाने घेतलेल्या नव्या बुटांत. बाईने घाईघाईने बूट काढले, मोजा चढवू लागली. तो टाचेपर्यंतही पोचेना. सात महिने ती जुन्याच मापाने विणत राहिली होती.

"तू... बरी? जेवण... चांगलं?" बाई इथल्या भाषेत म्हणाली, एकेक शब्द चाचपत.

"हो," मुलगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

वीस मिनिटं. आईलेकी नव्हेतच, टपालाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या दोन अनोळखी बायका. लिही, लिही आता — 'आईमुलीत संवाद अल्प' — पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. मग बाईला राहवलं नाही. तिने ते पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या भाषेत म्हणाली, "एवढा मोठा झाला पाय? खाऊन टाकू का गं? मीठ लावून?"

"नको, वास येतो त्याला!" मुलगी त्याच भाषेत किंचाळली.

आणि कोपऱ्यातली ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात जायच्या आत. बाईने वळून पाहिलं. पाऊल तिच्या हातातच राहिलं.

भेट संपल्यावर ती सरळ साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

"अकरा वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं नाही." हे खरं होतं आणि खोटंही.

"तेरावं पान दुरुस्त होईल. पण आता तुझ्या सगळ्याच नोंदी तपासाव्या लागणार. म्हणजे सुनावणी पुढे जाणार, दीड महिना तरी. आणि ही केस तू सोड."

"चूक माझी आणि शिक्षा तिला?"

"मी नाही केली चूक," साहेब म्हणाले. तेवढं मात्र बरोबर होतं, म्हणून तिला त्यांचा अधिकच संताप आला.

बाई बाहेर बाकावर थांबली होती.

"पहिल्यापासून कळत होतं तुम्हाला?" ती आपल्या भाषेत म्हणाली, अगदी हळू. "त्या दिवशी मी फोनवरच्या त्या दुभाष्यापुढे रडत होते, तसं नाही हो म्हटलं मी, तसं नाही... तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात. ऐकत होतात?"

उत्तर त्याच भाषेत द्यायचं होतं. सुनावणी, तहकुबी, दुरुस्ती, क्षमा — तिने आत चाचपून पाहिलं, तर सापडलं ते सगळं नऊ वर्षांच्या मुलीचं. भूक लागली. मी नाही केलं. नको ना मारू. एवढंच... सकाळपासून ज्याच्या त्याच्यावर फेकलेला राग आता तिच्यावरच उलटला, आणि तो बोलून दाखवायला तिच्याजवळ मोठ्या माणसाचा एकही शब्द नव्हता. बाई वाट पाहत होती.

"ऐकत होते," ती त्या भाषेत म्हणाली. उच्चार चुकला. तिने ते पुन्हा म्हटलं...