वाढला तर मालकाचा, घटला तर माझा

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच साली पावसानं पाठ फिरवली. जिल्ह्याच्या पाट्या रंगल्या, विहिरी आटल्या आणि सुट्टे पैसे असे गायब झाले की दहा पैशांवरून भांडणं व्हायची. त्यावर वीरण्णा मालकांनी तोड काढली. आमच्या किराणा दुकानात सुट्ट्यांऐवजी शिक्का मारलेली चिठ्ठी मिळायची. पुढच्या खेपेला गिऱ्हाईक ती देऊन तेवढा माल घ्यायचं. परत आलेली चिठ्ठी तिथल्या तिथं फाडायची, हा मालकांचा हुकूम. नाहीतर म्हणे लोक तीच दोनदा चालवतील.

गल्ल्यावर मी, महादेवी. दुकान बंद करताना पावत्या आणि रोकड जुळवायची. रोकड वाढली की मालक "बसवण्णाची कृपा" म्हणून खिशात घालायचे. घटली की माझ्या पगारातून कापायचे. असला न्याय मालकालाच सुचतो!

बाजाराच्या दिवशी रोकड हमखास वाढायची, नंतर हमखास घटायची. मी सांगून पाहिलं, वाढलेले पैसे गिऱ्हाइकांचेच आहेत, चिठ्ठ्या घेऊन ते येतातच. ऐकतो कोण? एकदा तर मालक भर दुकानात ओरडले, "चोराच्या हातात गल्ला देऊन बसलो म्या!"

माझं डोकं फिरलं. नवरा गेल्यापासून या गल्लीत ताठ मानेनं राहिले होते. पगार कापलेला सोसला, पण हे नाव घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार? गल्ल्याची किल्ली मी त्यांच्यासमोर आपटली.

"ह्या बाजारापासून तुम्हीच बसा गल्ल्यावर. रोकड रत्नम्माअक्का मोजतील. घट आली न्हाई, तर मी चोर. गपगुमान निघून जाते."

रत्नम्माअक्का म्हणजे मालकीणबाई. त्या हो म्हणाल्या. मालक तर खुशीतच बसले, चोर आयताच सापडणार होता! मी डाळ तोलायला गेले, गल्ल्याला बोटही लावलं नाही.

बाजाराच्या दिवशी बारा रुपये वाढले. मालकांनी ते खिशात घातले, वर सगळ्यांना भजी मागवली. मीही खाल्ली, का सोडा?

दुसऱ्या दिवसापासून दुष्काळी कामावरची माणसं चिठ्ठ्या घेऊन येऊ लागली. मालक चिठ्ठी घेत, पावती करून माल देत, चिठ्ठी टराटरा फाडत. त्या दिवशी तीन रुपये घटले. पुढच्या दिवशी पाच. मालकांनी गादी उलटीपालटी केली, दगडोबा हमालाला सदरा झाडायला लावला. काही निघालं नाही.

"अहो," अक्का शांतपणे म्हणाल्या, "आता पगार कुणाचा कापू?"

मालक पायाशी पडलेल्या कपट्यांकडे बघत राहिले. "म्हंजे ते बारा रुपये..."

"लोकांचे हायेत. काढा बघू."

मालकांनी खिशातले पैसे काढले. वाढावा आता वेगळ्या डब्यात राहील, घट त्यातूनच भागेल, पगार कापायचा नाही, असं अक्कांनी तिथंच ठरवलं. माझे कापलेले पैसे मोजून दिले. मालकांनी किल्ली पुढं केली. मी हात पुढं केला नाही.

"चूक झाली माझी," मालक पुटपुटले.

"मला ऐकू आलं, मालक. गल्लीला न्हाई."

वीरण्णा मालक उठले, उंबऱ्यावर गेले आणि छाती भरून ओरडले, "महादेवी चोर न्हाई! हिशेब माझाच चुकला!" समोरच्या आडतीवरची माणसं उठून बाहेर आली. मालकांनी पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं सांगितलं.

मग मी किल्ली घेतली, गादी झटकली आणि गल्ल्यावर बसले. एरवी मला ऐट जमत नाही, पण त्या दिवशी पोटभर केली.