काजळाची भेग

मितेशशेठच्या अष्टमी गावातल्या वाद्यांच्या दुकानातून समीक्षानं घेतलेली कोरी गिटार अकराव्या दिवशी मानेपाशी उकलली. तिनं भेगेत नख घातलं आणि तिचं डोकंच फिरलं. आत भेगा बुजवायची जुनी लांबी भरलेली, वर रंग, त्यावर चकाकी. म्हणजे फुटकीच गिटार नवी म्हणून गळ्यात मारली होती. हमरापूरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखणाऱ्या बाईला रंगाच्या कामात फसवायला निघाला होता मेला!

ती गिटार घेऊन गेली, तर मितेश चार गिऱ्हाइकांदेखत हसला. "तूच आपटली असशील. फेविकॉल लावून देतो. नवीबिवी मिळायची नाय."

तसल्या चिकटवाचिकटवीनं मान तारांचा ताण सोसणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. समीक्षा गिटार घेऊन घरी आली. तीन महिने तिनं तो राग जपून ठेवला.

मितेशच्या घरचा गणपती त्याच्या वडिलांपासून समीक्षाच्या कारखान्यातून जायचा. मूर्ती बसवायचा लाकडी पाट त्यानं नागपंचमीलाच आणून दिला होता. एकदा पाट दिला की मूर्ती दुसरीकडून न्यायची नाही, असा त्याच्या आईचा दंडक.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊन आला. मूर्तीवरचा रुमाल उचलला नि त्याचा चेहराच पडला. सोंडेपासून पोटापर्यंत केसाएवढी भेग.

"अगो, ही भंगलीय! बदलून दे."

"फेविकॉल लावून देते की. वरून रंग मारला की कोणाला कळतंय?"

मूर्ती न्यायला आलेली दहा-पंधरा माणसं वळून बघायला लागली.

"भंगलेला गणपती कोण घरी नेतो? आईला काय सांगू?"

"आणि फुटकी गिटार मी का न्यायची?" तिनं कोपऱ्यातली गिटार आणून सगळ्यांना भेगेतली लांबी दाखवली. तिचे वडील काळुराम "पुरे गो आता" म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. तिला फार बरं वाटत होतं. "नवी आणा, मग मूर्तीचं बघते. बाकी साऱ्या बुक हायत."

दुपारी तीनला मितेश घामाघूम होऊन नवी गिटार घेऊन परतला. समीक्षानं मान, पाठ, सगळे सांधे नखानं चाचपले, सहाही तारा छेडल्या. मग ओलं फडकं मूर्तीवरून एकदाच फिरवलं. भेग गेली. वॉर्निश सुकल्यावर तिनंच ती सकाळी बारीक ब्रशानं काजळात आखली होती.

"म्हणजे मूर्ती धड होती?"

"आमच्याकडून धडच जाते."

मितेशनं दातओठ खात जुनी गिटार उचलली. लांबी भरून ही परत कुणाच्या तरी गळ्यात मारायची, हे त्याच्या तोंडावर तिला स्पष्ट दिसलं. टेम्पोत ठेवताना त्यानं ती उलटी केली. पाठभर लाल ऑइलपेंटमध्ये, सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'फुटकी.'

"फडक्यानं जायचं नाय ते," समीक्षा म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पाट शोधायला वळली.